अप्पांच्या गाडीचा दाब

गंगापूर रोडवरील तमाम रहिवासी, त्यांचे पाहुणे आणि येते-जाते प्रवासी यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या सोसायटीच्या तळघरातील लाल गाडीचा दाब काल सायंकाळी पुन्हा उतरला आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. अफवांवर विश्वास ठेवू नये. शोधकार्य सुरू आहे.

शब्द माझे आहेत, पण चेहरा आमच्या सोसायटीतल्या बागूल अप्पांचा. दर शनिवारी संध्याकाळी अप्पा आमच्या दाराची कडी वाजवतात. बेल आहे, पण बेलवर त्यांचा विश्वास नाही. दार उघडलं की कुणी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणतात, "भाऊ, दाब उतरला." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी हबकलो. त्यांना धरून सोफ्यावर बसवलं, आणि शुभदाने, म्हणजे माझ्या बायकोने, घाईघाईने मीठ-साखर-लिंबाचं पाणी आणलं. अप्पांनी पेला शेवटपर्यंत प्यायला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "बेस शे. पन माझा नाही, गाडीचा."

अप्पा मूळचे नामपूरचे. तिकडे बागलाणात 'आहे'ला 'शे' म्हणतात. नाशकात येताना अप्पांनी घरदार, बैठक, कांदा साठवायच्या चाळीची कुलपं सगळं मागे ठेवलं, 'शे' तेवढं सोबत आणलं. उभी हयात कांद्याच्या व्यापारात गेली. पांढरा नेहरू शर्ट, पांढरा पायजमा, पांढरी टोपी. कांदा हातात घेतला की न कापता त्याच्या पोटातलं सांगणारा माणूस. अशा माणसाकडे दोन दारांची, दोनच माणसांची, टर्बो लावलेली जपानी स्पोर्ट्स गाडी आली कशी, हे ऐकलंत तर तुम्हीही कडी लावून बसाल.

मुंबईला एका बंद पडलेल्या कंपनीच्या सामानाचा लिलाव होता. अप्पा गेले होते मोठ्या वजनकाट्यासाठी. काट्याच्या आधी गाडी निघाली. बोली थोडी चढली आणि मध्येच अडकली. कुणी काही बोलेना. आता, ज्याने कांद्याच्या लिलावात ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर पाहिलेत, त्याला अडकलेली बोली बघवत नाही. अप्पांचं तत्त्वच आहे, "बोली अडकली की माल बदनाम होतो." बाजारात अशा वेळी ते स्वतः बोट वर करून बोली पुढे ढकलत, मग दुसरा कुणीतरी चढ्या भावाने उचले. तिथेही सवयीने बोट वर गेलं. दुसरा कुणी चढला नाही.

"म्हणजे तुम्ही घेतलीत," मी म्हणालो.

"घेतली नाही भाऊ. माझ्यावर सुटली."

गाडी ट्रकवर चढवून, कांद्याच्या ताडपत्रीखाली झाकून आली. सोसायटीतल्या बायका पिशव्या घेऊन खाली उतरल्या, कारण त्यांना वाटलं अप्पांनी स्वस्तातला माल आणला. ताडपत्री ओढली आणि सगळ्यांच्या पिशव्या जागच्या जागी लोंबल्या. आत नव्या लाल कांद्याच्या रंगाची, जमिनीला पोट टेकलेली एक वस्तू होती. तिचे दिवे बॉनेटमधून वर येतात. त्यातला एक येतो, एक येत नाही. पहिल्याच संध्याकाळी तिने समस्त महिलामंडळाला डोळा मारला.

तिच्यात बसणं हाही प्रकार बघण्यासारखा. अप्पा आधी टोपी काढतात, मग एक पाय आत, मग दोन्ही हात छतावर, आणि विहिरीत उतरावं तसे हळूहळू दिसेनासे होतात. टोपी मांडीवर. मग आतून आवाज येतो, "दम शे."

आता मुद्द्यावर येतो. गाडीत मुळातच आपल्या कुणाच्याही गरजेपेक्षा जास्त ताकद आहे. आमच्या सोसायटीच्या फाटकापासून धरणाच्या रस्त्यापर्यंत इतके गतिरोधक आहेत की अप्पा गाडी तिरकी घालून, एकेक चाक चढवत, कासवाच्या मागून जातात. आणि हा गृहस्थ मला पहिल्याच आठवड्यात सांगतो, "भाऊ, हिच्यात तीनशे घोडे करायचे."

"कशाला अप्पा?"

"मालात दम असावा. वापरलाच पाहिजे असं थोडंय?" आणि मग बोट वर करून, "पन स्वस्तात. ताकद विकत घेनारा येडा. ताकद जमवायची असती."

जमवण्याची योजना त्यांनी मला तळघरात, बॉनेट उघडून, समजावून सांगितली. तळघरात दिवसाही अंधार असतो, म्हणून माझ्या हातात टॉर्च दिला. तेव्हापासून तो माझ्याच हातात आहे. "टर्बो म्हनजे काय? इंजिनाचा धूर फुकट चालला. त्याच्या वाटेवर पंखा बसवला. तो फिरला की दुसऱ्या टोकाचा पंखा इंजिनाला दाबून हवा पाजतो. जेवढा हवेचा दाब, तेवढा दम." मग पुढच्या जाळीकडे बोट. "पन दाबलेली हवा गरम होते. गरम हवा म्हनजे कोंदलेल्या चाळीतला कांदा. सडला. म्हनून तिला आधी थंड करायची." इतकी वर्षं मला इंजिन कळलं नव्हतं. कांद्याची चाळ कळत होती. मी थक्क झालो.

"तर आधी हवा मोकळी. मग तिला थंडावा. मग धुराला रुंद वाट. आन शेवटी अक्कल," अप्पा म्हणाले.

"अक्कल?"

"अक्कल जपानहून येते. फुकट."

अक्कल म्हणजे हर्षदा, अप्पांची एकुलती एक लेक. ती जपानात एका कारखान्यात इंजिनांना अक्कल शिकवते, असं अप्पा सांगतात आणि ते खरंच आहे. गाडीच्या पोटात एक लहानसा संगणक असतो. कधी किती पेट्रोल, कधी किती दाब, हे तो ठरवतो, आणि त्याने काय ठरवायचं हे हर्षदा ठरवते. अप्पांनी गाडीला जोडलेल्या, दाब-वेग टिपणाऱ्या डबीतले आकडे तिला पाठवायचे, तिने तिकडून नवी अक्कल पाठवायची.

या बापलेकीचं पूर्वीचं बोलणं मी ऐकलेलं आहे, कारण अप्पा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. "जेवलीस?" "हो." "थंडी शे का?" "आहे." "बरं. आईला देतो." संपलं. मग माई, अप्पांच्या पत्नी, फोन घेऊन गॅलरीत जायच्या आणि तासभर हसण्याचे आवाज यायचे. माई गेल्या. पुढच्या रविवारी फोन आला, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. जेवलीस, हो, थंडी शे का, आहे. अप्पा म्हणाले, "बरं. आईला..." आणि फोन कानापासून दूर धरून तसेच उभे राहिले. नंतर कितीतरी महिने रविवारचा फोन चहा उकळायच्या आत संपायचा.

मग ही गाडी आली. बॉनेटखाली जपानी अक्षरांचं एक लेबल होतं. अप्पांनी त्याचा फोटो काढून लेकीला पाठवला आणि खाली लिहिलं, "हे काय लिहेल शे?" तासाभरात फोन. "बाबा, ही गाडी तुमच्याकडे कुठून आली?" त्या दिवशी आमचा चहा दोनदा उकळून पार काढा झाला, तरी बोलणं सुरूच.

असो. तर हवा मोकळी झाली, आणि पाळी आली थंडाव्याची.

बाजारात त्याचं तयार सामान मिळतं, पण ते विकत घेणारा येडा. अप्पांनी निफाडकडच्या एका ओळखीच्या बागायतदाराकडून द्राक्षबागेच्या फवारणीचा जुना पंप आणला. त्याचे बारीक नळ गाडीच्या जाळीसमोर बसवले. इंजिन तापलं की जाळीवर पाण्याचे तुषार. हर्षदासुद्धा फोनवर म्हणाली, "बाबा, कल्पना अगदी बरोबर आहे." फक्त टाकी धुवायची राहिली होती, आणि नळांची तोंडं जाळीऐवजी बाहेर होती.

शुभदा तिच्या भाचीच्या साखरपुड्याला निघाली होती. अंगावर येवल्याहून खास विणून घेतलेली पिवळी पैठणी. तळघरात ती आमच्या स्कूटरकडे वळली, आणि अप्पांनी बटण दाबलं. फस्स. टाकीत तळाशी मोरचूद, म्हणजे बागेवर फवारायचं निळं औषध, उरला होता. पिवळ्या पैठणीवर मोरपिशी ठिपके असे उठले की पदरावरच्या मोरांनाही आश्चर्य वाटलं असेल. मी टॉर्च धरून उभा, तोंडाचा आ. मला वाटलं आता अप्पाही नाहीत आणि मीही नाही.

शुभदा द्राक्षवाल्यांच्या घरातली; वेलींवर डावणी रोग पडला की मोरचूद मारतात, हे ती लहानपणापासून बघत आलेली. तिने वास घेतला, ठिपक्यावरून बोट फिरवलं आणि अतिशय थंडपणे म्हणाली, "अप्पा, माझ्या पैठणीला डावणी लागलेली नाही."

दुसऱ्या दिवशी अप्पा पैठणी पिशवीत घालून येवल्याला गेले. एसटीने. "घरात एवढी गाडी असताना?" असं मी विचारलं तर मलाच दटावलं, "गाडी टेस्टिंगला शे." विणकराने हात टेकले. डाग निघत नाहीत म्हणाला. मग अप्पांनी त्यालाच विचारून सगळी पैठणी मोरपिशी रंगवून आणली. शुभदा ती आता जिथे तिथे नेसते आणि कुणी विचारलं की सांगते, "स्पोर्ट्स मॉडेल आहे."

धुराच्या रुंद वाटेबद्दल थोडक्यात सांगतो. अंबडला ट्रॅक्टरचे सायलेन्सर बनवणाऱ्याकडून नळी करून आणली. पहिल्यांदा गाडी सुरू केली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि देवाचा टाक मुठीत घेऊन खाली आल्या. इमारत उभी आहे हे बघून त्यांना जास्त धक्का बसला.

हे सगळं जमलं, आणि मग सुरू झाली ती गळती.

तीनशे घोड्यांसाठी दाबाचा काटा जिथे जायला हवा, त्याच्या निम्म्यावरच तो येऊन थांबे. हवा कुठूनतरी निसटत होती. सलीमभाई मेकॅनिक आले. पंक्चरवाले करतात तसं सगळ्या नळ्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. एक क्लिप, म्हणजे रबरी नळीला आवळून धरणारी पट्टी, सैल निघाली. ती घट्ट केली. रविवारी काटा वर. सगळे खूश. शनिवारी आमच्या दाराची कडी. "भाऊ, दाब उतरला."

हे असं किती वेळा झालं ते विचारू नका. सलीमभाईंची इज्जत पणाला लागली. "मैंने खुद टाइट किया था, अल्ला कसम," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, गाडीत काहीतरी हाय. बडे मियां को बोलो, निंबू-मिरची बांधा."

मात्र रविवारचा फोन आता दुपारपर्यंत पोचला होता. मी टॉर्च धरून ऐकत असे. "बाबा, आकडे घेतले तेव्हा रस्ता चढाचा होता का?" "थोडा." "शेजारच्या सीटवर किती वजन होतं?" "कोनी नव्हतं." "म्हणजे तुम्ही एकटेच." "एकटाच." मग जरा थांबून, "तुमचं वजन किती आहे बाबा? हिशेबाला लागतं." अप्पांनी सांगितलं. पलीकडून आवाज चढला. "मागच्या महिन्यापेक्षा कमी? बाबा, ड्रायव्हर हलका झाला की माझे सगळे आकडे चुकतात. दोन्ही वेळ जेवा. रात्री नुसतं दूध पिऊन झोपू नका." त्या रात्रीपासून अप्पा गाडीच्या हिशेबासाठी भाकरी खाऊ लागले. शुभदाच्या हातची भाजी डब्यातून जाऊ लागली. मला वाटलं, काय ही पोरगी, बापाला वजनकाट्यावरचं पोतं समजते. मी माठ आहे, हे तुमच्या आत्तापर्यंत लक्षात आलंच असेल.

एका शनिवारी दुपारी हेल्मेट आणायला तळघरात उतरलो. लाल गाडीचं बॉनेट उघडं होतं. अप्पा एकटेच वाकलेले. मी हाक मारणार, तेवढ्यात दिसलं की त्यांच्या हातात पेचकस आहे, आणि तो उलटा फिरतोय. क्लिप सैल झाली. त्यांनी नळी हाताने जराशी हलवून पाहिली, समाधान झालं, पेचकस जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून खिशात ठेवला. बॉनेट लावलं आणि त्यावर हात थोपटला. झोपलेल्या मुलाला थोपटावं तसा.

मी खांबामागे होतो. चोर पकडला होता, आणि चोराने माझ्यासमोर स्वतःच्याच घरात चोरी केली होती.

संध्याकाळी कडी वाजली. "भाऊ," अप्पा चेहरा पाडून म्हणाले, "दाब उतरला."

"अरेरे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांचा आवाज ऐकला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. "अगं हर्षे, पुन्हा उतरला वं." पोरगं पहिलं आलं हे सांगताना बापाचा लागतो, तसा तो आवाज होता. गाडी पूर्ण झाली असती तर विचारायला काय उरलं असतं? जेवलीस का, थंडी शे का. आणि मग फोन द्यायला घरात कुणी नाही.

मी शुभदाला सांगितलं. तिने अप्पांच्या डब्यासाठी मूठभर भाजी जास्त निवडली.

त्यानंतर आला तो खरा बॉम्ब. हर्षदा फोनवर म्हणाली, "बाबा, दिवाळीला येतेय मी. ती गळती मी स्वतः शोधते. एकदाची संपवूनच टाकते."

लेक येणार म्हणून अप्पांचा चेहरा उजळला आणि वाक्य संपेपर्यंत बाजार कोसळल्यासारखा पडला. दोन्ही एकाच चेहऱ्यावर. त्या आठवड्यात ते उगाचच आमच्याकडे येऊन बसले. "भाऊ, या इंजिनीअर लोकांना समोर आले की सापडतंच का हो?"

"सापडतं अप्पा."

"समदंच?"

ते गेल्यावर शुभदा मला म्हणाली, "हे बघा, तुम्ही टॉर्च नीट धरू नका."

हर्षदा आली. केस बांधले, बाह्या सारल्या, बॉनेटखाली वाकली. एका बाजूला अप्पा, टोपी हातात. दुसऱ्या बाजूला मी, आयुष्यातली सगळ्यात अवघड भूमिका करायला उभा. "काका, टॉर्च इकडे." मी बॅटरीच्या बाजूला मारला. "इकडे, डावीकडे." मी उजवीकडे मारला. मग मला शिंक आली. दुसरी आणली. तिने माझं मनगट धरलं, टॉर्चचा झोत क्लिपवर आणून ठेवला आणि अंगठा क्लिपच्या स्क्रूवरून फिरवला. पुन्हा फिरवला. आजूबाजूच्या सगळ्या स्क्रूंवर धूळ आणि तेल होतं. हा एकटा देवळातल्या पायरीसारखा घासून चकाकत होता.

ती अप्पांकडे बघेल असं वाटलं. तिने बघितलं नाही. "हं," एवढंच म्हणाली, आणि पेचकस सुलटा फिरवला.

मग दोघं गाडी घेऊन धरणाच्या रस्त्याला गेले. चालवायला ती. शेजारच्या सीटवर, हिशेबातलं वजन म्हणून, अप्पा. परत आले तेव्हा अप्पांची टोपी मागच्या काचेला चिकटलेली होती. विहिरीतून वर यायला त्यांना नेहमीपेक्षा फार वेळ लागला. मी हात दिला. "भाऊ," ते म्हणाले, "हे एवढं होतं व्हय हिच्यात?" इतके महिने ताकद जमवणाऱ्या माणसाला ती पहिल्यांदाच भेटली होती.

"काटा पूर्ण वर गेला बाबा," हर्षदा म्हणाली. "झालं काम."

"बेस शे," अप्पा म्हणाले. सांत्वनाला आलेल्याला म्हणतात तसं.

दिवाळी झाली. हर्षदाने बापाला खाऊ घातलं, डॉक्टरकडे नेलं, शुभदाची मोरपिशी पैठणी नेसून फोटो काढले. गाडीचा विषय तिने काढला नाही आणि अप्पांनीही नाही. शनिवारी आमची कडी वाजली नाही. मी दोनदा दार उघडून बघितलं.

जायच्या दिवशी टॅक्सी फाटकाशी उभी होती. अप्पांनी कुरडयांचा डबा तिच्या बॅगेत कोंबला, मग काढला, मग परत कोंबला. "पोचली की फोन कर. जेवून घे. तिकडं थंडी शे का?" "आहे बाबा." "बरं," अप्पा म्हणाले, आणि त्या 'बरं'पुढे त्यांच्याकडे काहीच नव्हतं. आम्ही दोघं नवराबायको उगाच टॅक्सीच्या टायरकडे बघत होतो.

हर्षदा पाया पडली. आत बसली. दार लागलं, टॅक्सी हलली. चार पावलं जाऊन थांबली. काच खाली आली. पंधरवडाभर दाताखाली दाबून ठेवलेलं ते वाक्य, ड्रायव्हरसमोर, वॉचमनसमोर, आमच्यासमोर, तिच्या तोंडून निसटलंच:

"बाबा, पुढच्या वेळी दुसरी क्लिप सैल करा, हिच्या स्क्रूची खाच पार झिजलीय."